रोग्याला टेबलावर घेतात तेव्हा



'ऑपरेशनचे टेबल' हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे गडकोट हवेत, तह हवेत, निदान एखादी जुनी पेठ तरी हवी. लोखंडाच्या एका टेबलाला कसला आला आहे इतिहास? तथापि आम्ही हा विषय जाणूनबुजून घेतला आहे. ह्या मंडपात बसलेल्यांपैकी किती घरांत अपेंडिक्सचे, हर्नियाचे, मोतीबिंदूचे किंवा सिझेरियनचे ऑपरेशन झाले असेल ह्याची मोजदाद केली, तर हात वर न करणारे घर क्वचितच सापडेल. इतक्या घरांचा ज्या वस्तूशी संबंध आला ती वस्तू नीट पाहिलेली माणसे मात्र फार थोडी. डोक्यावरचा मोठा दिवा आठवतो, कोणीतरी 'खोल श्वास घ्या' म्हणाल्याचे आठवते, आणि एकदम वॉर्डातला पंखा आठवतो. मधल्या वेळात आपण जिच्यावर पडलो होतो तिची आपल्याला आठवण नाही. आयुष्यातल्या सर्वांत नाजूक घटकेचा आधार असून इतका अनोळखी राहिलेला दुसरा कुठला फर्निचरचा प्रकार आम्हांस तरी ठाऊक नाही.

आपल्या भाषेत 'पेशंटला टेबलावर घेतले' असे म्हणतात. हे 'घेणे' फार अर्थपूर्ण आहे. मुलाला मांडीवर घेतात, तसे रोग्याला टेबलावर घेतात. गंमत अशी की इतिहासात पाहू गेले तर पहिले टेबल ही खरोखरच कोणाची तरी मांडी होती.

सुश्रुतसंहिता इसवी सनापूर्वीपासून काही शतके घडत आलेली आहे. तिच्यातले मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे प्रकरण पाहावे. शस्त्रक्रियेला लागणारी फळी गुडघ्याइतक्या उंचीची सांगितली आहे. तिच्यावर आधी एक माणूस बसवावयाचा आणि रोग्याच्या शरीराचा वरचा भाग त्याच्या मांडीवर उताणा ठेवावयाचा. कमरेखाली कापडाची उशी देऊन कंबर उंच करावयाची. गुडघे व कोपर दुमडून दोरीने अथवा पट्ट्यांनी एकत्र बांधावयाचे. ज्याच्या मांडीवर रोगी आहे त्या माणसाविषयी सुश्रुताने दोन अटी घातल्या आहेत: तो बलवान असावा, आणि गांगरून जाणारा नसावा. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे हे, ज्याने दुसऱ्याच्या वेदना जवळून पाहिल्या आहेत, त्याला सांगावयास नको. ह्याच प्रकरणात संहिता बजावते की शस्त्र चालविले नाही तर मृत्यू निश्चित, चालविले तर जगण्याविषयी संशय, म्हणून आधी राजाला विचारून मग हात घालावा. आज नातेवाइकांकडून संमतीच्या कागदावर सही घेतात ती ह्याच शंकेपोटी.

मूळव्याधीच्या प्रकरणातही सपाट फळी किंवा शय्या, भरपूर उजेड, कमरेला उंची, आणि पुन्हा दुसऱ्याची मांडी अशीच योजना आहे. म्हणजे आजच्या टेबलाचे सगळे घटक तेथे आलेले आहेत. उंची आहे, उतार आहे, बंध आहेत, उजेड आहे. फक्त ह्यांतला निम्मा भाग लाकडाचा आणि निम्मा भाग हाडामांसाचा आहे. पाय वर घेऊन दुमडण्याची ही जी पद्धत, तीच आजही सर्वत्र चालते, आणि पाश्चात्त्य वैद्यकात तिचे नाव 'लिथॉटमी पोझिशन' असे आहे. लिथॉटमी म्हणजे खडा कापून काढणे. आज मूतखडा त्या मार्गाने कोणी काढत नाही. परंतु प्रसूतीच्या वेळी आपल्या लेकीसुनांना ज्या स्थितीत निजवितात तिला अजूनही खड्याचेच नाव चिकटलेले आहे.

आता एकदम अठराव्या शतकाच्या शेवटाला येऊ, कारण मधल्या काळात हातात धरण्यासारखा पुरावा तुटक आहे, आणि पुणे आपल्याला जवळचे आहे. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेच्या बैलगाड्या हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीट-कामाच्या, म्हणजे कुंभार जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, दोन भुवयांच्या मधला देठ तसाच राखून, खाली वळवून नवे नाक बसविले. इंग्रज वैद्यांनी ते पाहिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू ह्या लंडनच्या सर्जनाने १८१४ साली तसेच ऑपरेशन केले. ह्या वर्णनात मेणाचा साचा आहे, काताच्या लेपाने कातडी चिकटविणे आहे, रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवणे आहे. ज्यावर शस्त्र चालले त्या बैठकीला मात्र त्यात काही महत्त्व दिलेले नाही. त्या कुंभाराचे नावही कोणी टिपून ठेवले नाही, ह्याचे आम्हांस टेबलापेक्षा अधिक वाईट वाटते.

त्याच सुमारास विलायतेत काय होते? लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचे १८२२ सालचे शस्त्रक्रियागृह आज संग्रहालय म्हणून उघडे आहे. मध्यभागी एक भक्कम लाकडी टेबल आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात पायऱ्या. त्या पायऱ्यांवर विद्यार्थी उभे राहून शस्त्रक्रिया पाहत. 'ऑपरेशन थिएटर' ह्या शब्दातले थिएटर म्हणजे हेच, अक्षरशः नाटकगृह! टेबलाखाली रक्त टिपण्यासाठी लाकडाच्या भुशाची पेटी असे. टेबल स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे साधे. त्याचे काम एकच, ते हलता कामा नये. कारण त्यावरचा रोगी पूर्ण शुद्धीवर असे, आणि त्याला चार-पाच मदतनीस दाबून धरीत. सर्जनाची कीर्ती त्याच्या हाताच्या वेगावर मोजली जाई. पाय कापावयाचा तर मिनिटांचा हिशेब.

हे सारे परदेशचे असे समजू नये. आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. अमेरिकेत बॉस्टनला ईथरची भूल देऊन पहिले जाहीर ऑपरेशन झाले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. म्हणजे जे. जे. चे दरवाजे उघडले तेव्हा जगात भूल नव्हती. भाऊ दाजींच्या पहिल्या तुकडीने कॉलेजात पाऊल टाकले तेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे किंकाळी, हे समीकरण होते. १८५१ मध्ये ती मंडळी पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा ते मोडले होते. ईथर १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला वापरले गेले, आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्मही आले. एका पिढीच्या विद्यार्थीदशेत एवढा पालट क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो.

भुलेने टेबलाचा धर्मच बदलला, आणि आमच्या मते टेबलाच्या इतिहासातली खरी फाळणी हीच. तोवर टेबल रोग्याला धरून ठेवण्यासाठी होते. आता रोगी धडपडत नव्हता. धरणारे हात मोकळे झाले. परंतु त्याबरोबर दुसरी जबाबदारी आली, आणि ती ओळखावयास बराच काळ गेला. जागा माणूस कुशीखाली खडा आला तर कूस बदलतो. हात अवघडला तर ओढून घेतो. भुलेतला माणूस तक्रार करीत नाही. त्याचा हात टेबलाबाहेर फार ताणला गेला तर खांद्याजवळचे मज्जातंतू ओढले जातात; कोपर कडेवर टेकून राहिले तर करंगळी बधिर होते; पाय अडकविण्याच्या दांड्याचा दाब गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर आला तर पाऊल उचलता येईनासे होते. ऑपरेशन उत्तम झाले, टाके उत्तम भरले, आणि रोगी पाय फरफटत घरी गेला, असे घडू शकते. म्हणून टेबलावर मऊ गाद्या आल्या, हातासाठी वेगळ्या फळ्या आल्या, आणि हात शरीरापासून काटकोनाहून अधिक दूर नेऊ नये असा नियम आला. झोपलेल्या माणसाच्या वतीने तक्रार करावयाची कोणी, ह्याचे उत्तर ह्या साध्या नियमांत आहे.

दुसरा पालट जंतूंनी घडविला. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडचे आपले प्रयोग १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. लाकूड रक्त पिते आणि धुतले तरी ते ओकत नाही. तेव्हा लाकडी टेबल हळूहळू हद्दपार झाले आणि त्याच्या जागी पांढरे एनॅमल दिलेले लोखंड, काही ठिकाणी जाड काच, आणि विसाव्या शतकात गंज न धरणारे पोलाद आले. ह्याविषयी अधिक सांगण्यासारखे आम्हांला काही वाटत नाही. धुता येणारी वस्तू न धुता येणाऱ्या वस्तूच्या जागी आली, एवढेच.

तिसरी गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. जर्मनीत फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग नावाचे सर्जन होऊन गेले. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेत आतडी मध्ये येतात, हात घालावयास वाव मिळत नाही. त्यांनी युक्ती काढली ती अशी की रोग्याचे डोके खाली आणि कंबर वर करावयाची, म्हणजे आतडी आपल्या भाराने छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. ही रीत त्यांच्या शिष्याने, मेयर ह्याने, १८८५ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८९० मध्ये स्वतः त्यांनी. पण कंबर वर करावयाची कशी? तसे टेबल तेव्हा नव्हते. तेव्हा एक धट्टाकट्टा मदतनीस रोग्याकडे पाठ करून उभा राही आणि रोग्याचे गुडघे आपल्या खांद्यांवर घेई! सुश्रुताच्या मांडीनंतर दोन हजार वर्षांनी पुन्हा माणूसच टेबल झाला. त्या मदतनिसाचे खांदे भरून आल्यावाचून राहिले नसतील, आणि मागल्या बाजूला चाललेले ऑपरेशन त्याला दिसतही नसेल. पुढे दांडा फिरवून, मग पायाने दाबावयाच्या तेलाच्या पंपाने टेबल कलविण्याची सोय झाली, आणि ते खांदे सुटले. रोग्याला डोके खाली करून ठेवण्याच्या स्थितीला आजही थिएटरमध्ये 'ट्रेंडेलेनबुर्ग द्या' असेच म्हणतात.

टेबलाला कलता येऊ लागल्यावर शल्यविशारदांना एक नवे हत्यार मिळाले: पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. गळ्यावरची गाठ काढताना डोके थोडे उंच केले म्हणजे मानेच्या शिरांतले रक्त उतरते आणि जखम कोरडी राहते. मूत्रपिंडासाठी रोग्याला कुशीवर निजवून टेबल मधून वाकवितात, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्यामधली फट रुंदावते. पाठीच्या कण्यात भूल देण्याची रीत ऑगस्ट बीर ह्यांनी १८९८ मध्ये सुरू केली; तिच्यात वापरले जाणारे औषध पाठीतल्या द्रवापेक्षा जड केले तर ते उताराकडे वाहते. तेव्हा टेबल किती कलले आहे ह्यावर बधिरपणा कमरेपर्यंत राहील की छातीपर्यंत चढेल हे अवलंबून राहते. आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे, भुलेत रोग्याला उलटी झाली तर क्षणार्धात डोके खाली करावे लागते, नाहीतर पोटातले आंबट पाणी फुप्फुसात उतरते. म्हणून भूल देणारे डॉक्टर नव्या थिएटरात गेले की आधी टेबल एका हाताने झटकन कलते की नाही हे पाहून घेतात. दिखाऊ टेबल आणि कामाचे टेबल ह्यांतला भेद तेथे कळतो.

टेबलावरची गादी काळ्या रबराची का असे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. ईथर आणि त्याच्यासारख्या काही वाफा ठिणगीने पेट घेतात. कोरड्या हवेत कापडाच्या घर्षणानेही वीज साचते. ती साचू न देता जमिनीत जावी म्हणून रबरात कोळशाची पूड मिसळीत, आणि त्यामुळे ते काळे. आपल्या मुंबईच्या दमट हवेला आपण वर्षभर नावे ठेवतो; ह्या एका बाबतीत ती रोग्याच्या बाजूने होती.

आता एका विशिष्ट टेबलाकडे वळू. ते पुण्याच्या ससून रुग्णालयात आहे. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगीत असता त्यांच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स असल्याचे निदान झाले आणि १२ जानेवारीला त्यांना ससूनला हलविले. मुंबईहून त्यांच्या विश्वासातल्या डॉक्टरांना बोलावण्याचा विचार होता, पण तेवढा वेळ नव्हता. सरकारी सर्जन कर्नल मॅडॉक ह्यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया करावयाचे ठरविले. इंग्रज सरकारच्या कैद्यावर इंग्रज सर्जनाने शस्त्र चालवायचे; रोग्याचे काही बरेवाईट झाले तर देशभर काय उसळेल ह्याची कल्पना दोघांनाही होती. नामदार श्रीनिवास शास्त्री ह्यांना बोलावून घेण्यात आले आणि त्यांच्यासमक्ष गांधीजींनी संमतीच्या कागदावर सही केली. 'हिंद स्वराज्य' ह्या १९०९ सालच्या पुस्तकात डॉक्टर आणि रुग्णालये ह्यांच्यावर कडक टीका करणारा हा माणूस. पण त्या रात्री त्याने मॅडॉकवर विश्वास टाकला, आणि मॅडॉकनेही तो सार्थ केला.

क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन सुरू झाले. बाहेर वादळ होते. मध्येच विजेचे दिवे गेले. परिचारिकेच्या हातात बॅटरी होती, तीही विझली, आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्या घटकेचा विचार करावा. पोट उघडे आहे, रोगी भुलेत आहे, दिवा नाही. डॉक्टरच्या हाताशी हलणार नाही असे टेबल आहे, आणि कंदील धरणारा कोणाचा तरी हात आहे. त्याचा हात थरथरला असता तर? सुश्रुताची दुसरी अट येथे आठवते. ती खोली आणि ते टेबल ससूनने स्मारक म्हणून जपले आहे. आम्हांला वाटते, पुण्याला जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना शनिवारवाडा ठाऊक असतो, हे ठाऊक नसते.

ह्या गोष्टीचा शेवट आपल्या उपनगरात झाला. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची सुटका केली आणि मार्चपासून मे-अखेरपर्यंत ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी राहिले. तेव्हाचे जुहू म्हणजे अंधेरीच्या पलीकडले, नारळी-माडांचे, शहराच्या हद्दीबाहेरचे गाव. बरे झालेला माणूस उपनगरात यावयाचा. ऑपरेशनसाठी मात्र उपनगरातल्या माणसाने शहरात जावयाचे, असा तो काळ होता.

ह्याच मुद्द्यावर आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. टेबल कितीही चांगले असो, रोगी त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. दक्षिण महाराष्ट्रात विल्यम वॉनलेस ह्या कॅनडाहून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय बांधले आणि लांबलांबचे रोगी आगगाडीने मिरजेला येऊ लागले. स्त्रियांचा प्रश्न आणखी वेगळा होता. अंतर थोडे असले तरी पुरुष डॉक्टराच्या टेबलावर निजावयास त्या तयार नसत, घरचेही तयार नसत. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उघडले आणि तेथे स्त्री डॉक्टर मिळू लागल्या तेव्हा कोठे त्यांच्यासाठी टेबलाची वाट मोकळी झाली. मुंबईत परळचे के. ई. एम. १९२६ मध्ये आणि शीवचे रुग्णालय १९४७ मध्ये सुरू झाले. आणि उपनगरे? १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. थिएटर, रक्तपेढी आणि रात्री हजर असणारा भूलतज्ज्ञ तशा रीतीने वाढत नाहीत. बोरिवलीहून परळ सुमारे पंचवीस किलोमीटर. फुटलेले अपेंडिक्स किंवा रक्त वाहणारी बाळंतीण घेऊन हे अंतर कापावयाचे म्हणजे काय, हे त्या काळी येथे राहिलेल्या घरांना विचारावे.

पुढे पार्ल्याला नानावटी, घाटकोपरला राजावाडी, जुहूच्या बाजूस कूपर, बोरिवलीला भगवती, मुलुंडला अगरवाल अशी रुग्णालये झाली. कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही जोडले गेले. परंतु उपनगराची खरी गरज जिने भागविली ती संस्था म्हणजे नर्सिंग होम. इमारतीचा पहिला मजला, खाली किराणा मालाचे किंवा साड्यांचे दुकान, आठ-दहा खाटा आणि एक टेबल. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंद होते. जिना अरुंद म्हणून टेबल सुटे करून वर न्यावयाचे आणि वर जोडावयाचे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही म्हणून रोग्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचलावयाचे. सर्जन एका संध्याकाळी घाटकोपरला, तर दुसऱ्या सकाळी मुलुंडला. त्यांचे हात तेच, पण टेबल दर वेळी वेगळे, आणि प्रत्येकाची खोड वेगळी. ह्या छोट्या थिएटरांना मोठ्या रुग्णालयांची मंडळी कधी कधी हसतात. आम्ही हसणार नाही. अर्ध्या उपनगराचा जन्म त्या टेबलांवर झालेला आहे.

हे टेबल काय काय करू शकते ह्याची कमाल मुंबईने १९९० साली पाहिली. जे. जे. मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया ह्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. पोटात वायू भरावयाचा, बारीक छिद्रांतून नळ्या घालावयाच्या आणि पडद्यावर पाहून काम करावयाचे. ह्यात आतडी बाजूला सारावयास सर्जनाचा हात आत नसतो. ते काम टेबलाने करावयाचे असते. डोके उंच, उजवी कूस वर. आतडी आपोआप डाव्या बाजूला आणि खाली जातात, पित्ताशय उघडे पडते. ट्रेंडेलेनबुर्गची युक्ती शंभर वर्षांनी उलटी फिरवून वापरली, एवढाच फरक. मात्र असल्या कामाला टेबल चारही दिशांना कलावे लागते, रोग्याला पट्ट्यांनी नीट आवळावे लागते, नाहीतर तो घसरतो. भूल आल्यावर सुटलेले बंध पुन्हा आले!

नव्या टेबलांना वीज लागते. बटण दाबले की ती उठतात, बसतात, कलतात. त्यांच्यावरचा पृष्ठभाग क्ष-किरण आरपार जाऊ देतो, त्यामुळे मोडलेले हाड जुळवितानाच त्याचे चित्र पाहता येते. हे सर्व उत्तम आहे. पण २६ जुलै २००५ हा दिवस उपनगरातला कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कित्येक भागांत वीज नव्हती. जनित्रे बहुधा तळघरात किंवा जमिनीलगत बसविलेली असतात, आणि पाणी आधी तेथेच शिरते. अशा रात्री पायाने दाबावयाच्या पंपाचे जुने टेबल विजेच्या टेबलापेक्षा मोलाचे ठरते. म्हणून जाणते डॉक्टर नवे टेबल घेताना त्याला हाताने चालविण्याची सोय आहे ना, हे आधी विचारतात.

पुढल्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड अशी ती माळ होती. सुमारे दोनशे माणसे गेली आणि शेकडो जखमी झाली. रस्त्यांवर वाहने खोळंबलेली, गाड्या बंद. लोकांनी चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून, हातावर उचलून जखमींना जवळच्या रुग्णालयात पोचविले. त्या संध्याकाळी शहरात एकूण किती चांगली टेबले आहेत ह्याला अर्थ नव्हता. ज्या स्टेशनाजवळ स्फोट झाला त्याच्या जवळ किती आहेत ह्यालाच अर्थ होता. बोरिवलीच्या भगवतीच्या आणि मुलुंडच्या अगरवालच्या नव्या इमारतींची कामे पुढे वर्षानुवर्षे रेंगाळली, त्या वेळी नागरिकांनी जो आवाज उठविला तो वीटकामासाठी नव्हता. रात्री दोन वाजता आपल्या माणसाला कोठे न्यावयाचे, हा त्यामागचा प्रश्न होता.

आता शेवटचे. थिएटरातल्या ज्या माणसाचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही, त्याला आपल्याकडे 'मामा' म्हणतात. सर्जन 'सर' असतात, परिचारिका 'सिस्टर' असते, आया 'मावशी' असते, आणि टेबल सांभाळणारा तो 'मामा'. खांद्याखाली वाळूची पिशवी किती सरकवावयाची, कुठल्या सरांना टेबल कोपराइतके उंच लागते आणि कुठल्या सरांच्या पायाखाली पाट द्यावा लागतो, पंपाचे तेल कधी गळू लागले, डावीकडचा स्क्रू कसा अर्धा आटा जास्त फिरवावा लागतो, हे सर्व त्याला ठाऊक असते. रोग्याला ट्रॉलीवरून टेबलावर घेताना चादरीची चार टोके चौघे धरतात. मामा डोक्याच्या बाजूला उभा राहतो, रोग्याची मान आपल्या दोन्ही तळव्यांत घेतो, 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि मग सारे उचलतात. घाबरलेला रोगी त्या क्षणी वर पाहतो तेव्हा त्याला पहिला चेहरा दिसतो तो मामाचा. काही मामा अशा वेळी रोग्याला गाव कोणते म्हणून विचारतात. रोगी गाव सांगतो, तालुका सांगतो, आणि तोवर भुलेचे इंजेक्शन गेलेले असते.